फवारणीचा निरोप

८ फेब्रु.
पिशोर. मधमाश्यांच्या पेट्या कडुबाच्या कांद्यालगत बांधावर लावून झाल्या. कांद्याला बी धरायला माश्या हव्यात, म्हणून जागा त्याची. तो आणि माझा भागीदार नामदेव सख्खे चुलतभाऊ, पण याच बांधावरून सात वर्षं बोलत नाहीत. म्हणून ठरलं असं: फवारायच्या आदल्या दिवशी कडुबा मला फोन करणार, मी नामदेवला सांगणार, तो पहाटे पेट्यांची दारं बंद करणार. शाळेतून निवृत्त झाले तरी पोरांची भांडणं काही सुटली नाहीत.

१७ फेब्रु.
पहिली फवारणी निभावली. नामदेव चक्क हसला. मेंढ्या विकून उतरलाय तो यात. माझी ग्रॅच्युइटी.

२६ फेब्रु.
बिडकीनचे कारखानदार शहरात भेटले. आणखी पेट्यांसाठी पैसे घालायला तयार! एकच विचारलं, "माश्या मेल्या तर?" म्हटलं, आमची व्यवस्था पक्की आहे. बाहेर आले तर कडुबाचा मिस्ड कॉल. घरी जाऊन करू म्हटलं. घरी पाहुणे. राहिलाच.

२७ फेब्रु.
सकाळी नामदेवचा फोन, तशीच निघाले. पेट्यांपुढे माश्यांचा सडा. काही अजून पाय हलवत होत्या. नामदेव हातानेच गोळा करत होता, झाडू घेईना.
"मुद्दाम केलं बाई त्यानं. तुम्हाला फोन तरी आला का?"
मी मान हलवली. नाही, अशी. साठीची बाई मी. लाज वाटली, दुसरं काही नाही.

२ मार्च
नामदेव कडुबावर केस करायची म्हणतो. भावकी बसणार आहे. कारखानदारांचे दोन फोन, उचलले नाहीत.

४ मार्च
पिशोरला जाऊन नामदेवला सांगून टाकलं. कडुबाने फोन केला होता, मी उलटा केला नाही, वर तुझ्याशी खोटं बोलले.
नामदेव कितीतरी वेळ पेटीचं झाकण पुसत राहिला.
"म्हंजी त्यानं केला व्हता फोन?"
"हो."
झाकण ठेवलं आणि बांध ओलांडून कडुबाकडे गेला. काय बोलले, ऐकू आलं नाही. कडुबाने तंबाखू पुढे केली, याने घेतली, एवढं दिसलं.
परत आला तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी पाचला हाय, बाई."
उद्या येऊ का, हे विचारायची हिंमत झाली नाही.