साहेबांना जिना चढताना धाप लागते

ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर जितकी वाकू देते तितका, उरलेला तू मनाने पुरा करून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींच्या कानाचं यंत्र बसलं का, की अजून तू बोलायला लागलीस की ते काढून खिशात टाकतात? चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं केलं असशील, मग उजेडात धरलं असशील, आणि मग ‘मेला कशाला लिहितोय’ असं म्हणून फोडलं असशील. तर आधीच सांगून टाकतो, की पत्राला तसं काही कारण नाही. दुपार मोकळी होती, पेनात शाई होती, आणि साहेब माझ्या पायावर डोकं ठेवून झोपले असल्यामुळे मला उठता येत नव्हतं.

साहेब म्हणजे कोण हे तुला सांगायला नको. तरी भावोजी शेजारी बसून वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, की साहेब म्हणजे माझा कुत्रा. बत्तीस वर्षं मी कचेरीत ‘साहेब, बसा’, ‘साहेब, येऊ का’ असं म्हणत काढली आणि एकाही साहेबाने माझं कधी ऐकलं नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं, की एक तरी साहेब असा पाळायचा जो ‘बसा’ म्हटलं की बसेल. (हेही बसत नाहीत. पण निदान शेपटी हलवतात, जे कचेरीत कुणी केलं नाही.) ही गेल्यावर घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघेच उरलो होतो. तेव्हा एका कोपऱ्यात कुणीतरी श्वास घेतंय एवढंही खूप होतं. तू साहेबांना पाहिलंस ते तीन महिन्यांचे असताना, एकाच दुपारी, आणि ती दुपार कशी संपली ते आपण दोघंही विसरलेलो नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. घाबरतोय म्हणून पुढे ढकलतोय असं समजू नकोस, जरी तेच खरं असलं तरी.

मुळात मला लिहायचंय ते आमच्या डॉक्टरीणबाईंबद्दल. जनावरांच्या डॉक्टर आहेत, वय पस्तीसच्या आसपास, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांजरांनी केलेल्या सह्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत पत्र्याचं टेबल, आणि दोन्हींच्या मध्ये एक चहाची किटली, जी मी कधी थंड पाहिली नाही. त्यांच्या केसपेपरची एक गंमत आहे. कागदाच्या मधोमध आडवी रेघ. वरच्या अर्ध्यात जनावराचं लिहायचं, म्हणजे वजन, ताप, काय खाल्लं, काय खायला नको होतं ते. खालच्या अर्ध्यात ‘सोबत आलेला माणूस’. झोप लागते का? जेवण वेळेवर होतं का? आणि शेवटचा प्रश्न, ‘घरी आणखी कोण आहे?’ मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. बाई म्हणाल्या, “जनावर तुमच्या ताटातलं खातं, तुमच्या वेळेला झोपतं. तुम्ही बिघडलात तर ते किती दिवस धड राहील?” मी मुकाट्याने खालचा भाग भरला. झोप, बरी. जेवण, होतं. आणखी कोण आहे, कोणी नाही.

तिथे माणसांना स्वतःची नावं नसतात. एक पोपटाची आई आहे, एक कासवाचे आजोबा आहेत, कोपऱ्यावरचा शिंपी तिथे बोक्याचे काका म्हणून ओळखला जातो, आणि मी, ज्याला उभ्या हयातीत बढती मिळाली नाही, तो साहेबांचे वडील आहे. बाईंची तपासायची तऱ्हा अशी, की एक गृहस्थ मलूल कोंबडी घेऊन आले तर त्यांनी कोंबडी टेबलावर ठेवली आणि आधी गृहस्थांना खुर्ची दिली, चहा दिला, सकाळपासून पोटात काही आहे का विचारलं. नव्हतं. कोंबडी आजारी म्हणून ते दोन दिवस जेवले नव्हते, आणि ते जेवत नाहीत म्हणून कोंबडीला दाणा टाकायचं भान कुणालाच नव्हतं. दोघांचंही दुखणं एका बिस्किटाच्या पुड्यात भागलं. एकदा एका बाईंचा ससा टेबलावरच गेला. डॉक्टरीणबाईंनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्या बाईंच्या शेजारी फरशीवर बसून राहिल्या, चांगला अर्धा तास. बाहेर आम्ही दहा-बारा जण ताटकळत होतो, त्यांत चार कुत्री आणि एक अतिशय भांडखोर मांजर. ताई, एक जण कुरकुरला नाही. मांजरसुद्धा नाही. मी आयुष्यात बरेच अधिकारी पाहिले, पण इतक्या लोकांना नुसतं एक दार लावून शहाणं करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

आता माझा गाढवपणा. गेल्या वर्षभरात मला जिना चढताना धाप लागायला लागली. छातीत धडधड, संध्याकाळी पाय सुजलेले. माणसांच्या डॉक्टरकडे जायची मला लहानपणापासून भीती (तुला माहीत आहे, सुई दिसली की मी तुझ्या पदरामागे जायचो आणि सुई चुकून तुलाच टोचली जायची). म्हणून मी एक युक्ती काढली. साहेबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जायचं आणि माझी सगळी दुखणी साहेबांच्या नावावर सांगायची. साहेबांना जिना चढताना धाप लागते. साहेबांचे मागचे पाय संध्याकाळी सुजतात. बाई ऐकून घ्यायच्या, साहेबांना तपासायच्या, आणि सांगायच्या, मीठ कमी करा, उशाला उंच घ्या. मी घरी येऊन इमानदारीने मीठ कमी करायचो आणि उशाखाली दुसरी उशी घ्यायचो. (साहेबांनाही एक दिली. त्यांनी ती फाडली.) चार महिने हे बिनबोभाट चाललं होतं. मला वाटत होतं, काय बेमालूम जमलंय!

मग एक दिवस मी जरा वाहवत गेलो. सांगून बसलो, की साहेबांना हल्ली वर्तमानपत्र वाचता वाचता गरगरल्यासारखं होतं. त्या वेळी साहेब दवाखान्यातल्या टेबलावरून उडी मारून, बाकावरून झेप घेऊन, रस्त्यात एका सायकलीच्या मागे लागले होते. बाई हसल्या नाहीत. साहेब परत येईपर्यंत थांबल्या, त्यांच्या छातीला नळी लावून ऐकलं, आणि मग कानातून नळी न काढता तशाच वळल्या आणि ती माझ्या सदऱ्यावर टेकवली. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी केसपेपर ओढला. वरच्या अर्ध्यात लिहिलं, ‘साहेब, ठणठणीत, लाड जास्त.’ खालच्या अर्ध्यात लिहिलं, ‘साहेबांचे वडील, खोटं बोलतात.’ म्हणाल्या, “मी माणसांची डॉक्टर नाही. पण कान आहेत मला. उठा.” आणि दारावर ‘आलेच’ अशी पाटी लटकवून, अंगावरच्या केसाळ एप्रनसकट, मला दोन गल्ल्या पलीकडे हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. एका हातात माझं मनगट, दुसऱ्या हातात साहेबांचा पट्टा. दोघांपैकी ओढून न्यावं लागलं ते मलाच.

निदान असं झालं, की हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि केली तर माणूस चांगला चालता-फिरता होतो. न केली तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ऐकलं नसल्यासारखं केलं. तीन वेळा तारीख दिली, तीन वेळा मी फिरवली. पहिल्यांदा सर्दी झाली म्हणून, दुसऱ्यांदा छत गळतंय म्हणून, तिसऱ्यांदा कारणच सुचलं नाही तर फोन उचलला नाही. खरं कारण एकच होतं. मी दवाखान्यात पडलो तर साहेबांचं काय? दाराशी बसून राहतील. मी भाजी आणायला गेलो तरी बसतात.

डॉक्टरीणबाईंना हे कारण मी न सांगता कळलं. कारण त्यांच्याकडे यावरही व्यवस्था आहे. बाहेरच्या खोलीत एक फळा आहे, त्यावर जो माणूस आजारी पडेल त्याच्या जनावराचं नाव लिहितात आणि बाकीच्यांपैकी कुणीतरी ते घरी नेतं. मागच्या पावसाळ्यात शिंप्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्याचा बोका माझ्या वाट्याला आला होता. आल्या आल्या तो साहेबांच्या गादीवर बसला आणि साहेब पाच दिवस न्हाणीघरात राहिले. रोज सकाळी मी शिंप्याला फोन लावायचो आणि फोन बोक्याच्या तोंडाशी धरायचो. बोका एक अक्षर बोलायचा नाही, पण शिंप्याला त्याचा श्वास ऐकू आला की पुरायचं. पट्टी निघाल्यावर तो थेट माझ्या दारात आला, बोक्याला उचलून तोंडासमोर धरलं आणि रडायलाच लागला. म्हणाला, “हा एवढा पिवळा आहे होय! मी आठ वर्षं तपकिरी समजत होतो.” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपणही शस्त्रक्रिया करून घ्यावी.

शिंपी लगेच म्हणाला, साहेबांना माझ्याकडे ठेवा. एका संध्याकाळी रंगीत तालीम केली. साहेबांनी दोन तास असा गळा काढला की गल्ली गोळा झाली, आणि मधल्या विश्रांतीत एका नवरदेवाच्या कोटाची बाही खाल्ली. शिंप्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही, फक्त दुसरी बाही उंचावर टांगली. तेव्हा बाई म्हणाल्या, हे कुत्रं दुसऱ्याच्या घरी राहणार नाही, याच्याच घरी कुणीतरी येऊन राहायला हवं. मग त्यांनी माझा जुना केसपेपर काढला, खालच्या अर्ध्यातल्या ‘कोणी नाही’वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे खरं आहे की हेही साहेबांच्या धापेसारखंच?

असो. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार सांग (यंत्र कानात असेल तेव्हा). गुडघ्यांना शेक घेत जा. उत्तराची घाई नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. उत्तराची घाई नाही असं वर लिहिलंय ते शिष्टाचार म्हणून. शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी सकाळी आहे. चौथी तारीख मी फिरवलेली नाही.

ता. क. दुसरं. बाईंनी ‘कोणी नाही’ खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी तुझं नाव आणि नंबर लिहिला. वही उघडावी लागली नाही, पाठच होता. बुधवारी येशील का? दहा दिवस राहावं लागेल, कदाचित पंधरा. साहेब आता तुझ्या वाटेला जाणार नाहीत, मोठे झालेत. सकाळी सातला फिरतात, आठला जेवतात, आणि दुपारी कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाहीत. तुझ्या गुडघ्यांना ऊब मिळेल. भीती वाटतेय, ताई. सुई या खेपेला मलाच टोचणार आहे, हे मान्य आहे. तू नुसती घरात अस.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. त्या दुपारी साहेबांनी तुझी खालची कवळी पळवली, तू बिनदातांची मला काय वाटेल ते बोललीस, मला त्यातलं एक अक्षर कळेना, आणि मी हसत सुटलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच हसलो होतो गं. पण तुझ्या तोंडावर हसायला नको होतं. चुकलो. ती कवळी मला तू रागाने निघून गेल्यावर आठवड्याभरातच कुंडीत सापडली होती. धुऊन, पुसून, हिच्या कपाटात रुमालात ठेवली आहे. पाठवली नाही, कारण पाठवली असती आणि तरीही तू आली नसतीस, तर मग तू का येत नाहीस याला माझ्याकडे काही कारणच उरलं नसतं. किल्ली शिंप्याकडे ठेवतो.