बाईसाहेबांचा पट्टा

१२ मार्च

चि. धाकटे,

आईचे आशीर्वाद. पाकिटावर बंदराचा शिक्का बघून दचकू नकोस, का ते पुढे कळेल.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीची सकाळ सारखी आठवते. मी चहा उकळत ठेवला, बेटावरच्या संशोधन केंद्राच्या खोल्या झाडल्या, पक्षीवाल्या सरांचे चिखलाचे बूट पायरीवर वाळत घातले. बाबा जनरेटरला तेल घालत होते आणि बाईसाहेब त्यांच्या पाठीला शिंगे घासत होत्या. "अगं, जरा नोकरी करू दे की!" बाबा म्हणाले. बस, एवढेच. बाटलीने दूध पाजून वाढवलेली शेळी, पण रुबाब असा की नावच तसे ठेवले.

माझे गुडघे बोलतात, पण चालतात.

तू फोनवर विचारायचीस, बाईसाहेब कशा आहेत, आणि मी म्हणायचे, डोंगरात रमल्या. ते खोटे होते.

रानशेळ्यांनी बेटावरची झुडपे खाऊन टाकली, माती ढासळली, जमिनीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची बिळे गेली. सरांचा अहवाल मी तीनदा वाचला. तुझ्या पाटीवर शिकलेले वाचन, वेळ लागतो. त्यातले सगळे खरे आहे. पण शेवटच्या शेळ्या कड्यांत लपायच्या, सापडायच्या नाहीत. शेळीला एकटे राहवत नाही. म्हणून एका माणसाळलेल्या शेळीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून तिला सोडतात. ती बाकीच्यांना शोधते, बंदूकवाले तिच्या मागावर जातात आणि बाकीच्यांना टिपतात. तिला तेवढे जिवंत ठेवतात, पुन्हा शोधायला.

"काकू, तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला," सर म्हणाले होते.

मी हो म्हणाले. झुडपांसाठी नाही, पोरी. बाबा गेल्यावर ती रोज सकाळी जनरेटरच्या खोलीच्या दाराशी उभी राहून त्यांना हाका मारायची. मला ते ऐकवेना. म्हणून धाडली.

दोन वर्षांत तिने सहा वेळा सोबत शोधली आणि सहा वेळा एकटी उरली. आता कड्यावर हिरवे दिसते, बिळांत पिल्ले आहेत. गेल्या सोमवारी ती त्याच दाराशी येऊन उभी राहिली. ओरडली नाही.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकू, बेटावर आता हीच एक उरली. एकही ठेवायची नाही असा नियम आहे."

"बेटावर ना?"

"म्हणजे?"

"उद्या बोट आहे. पलीकडे नेली तर?"

"नेणार कोण? ठेवणार कुठे?"

"माझी मुलगी दोन वर्षे बोलावते आहे. अंगण मोठे आहे म्हणते."

"आणि आमचे जेवण?"

"भात करपवायला आता तुम्हीच शिका."

ते हसले आणि चष्मा पुसत बसले.

तुझ्याकडे न येण्याचे मी दर वेळी गुडघ्यांचे कारण सांगितले. खरे कारण जनरेटरची ती खोली. तिथल्या तेलाच्या वासात बाबा अजून आहेत असे वाटायचे. इथे बंदरावर गुरांचे डॉक्टर बाईसाहेबांना दहा दिवस तपासणीसाठी ठेवणार आहेत, मी शेजारीच खोली घेतली आहे. मग येऊ.

सरांशी बोलणे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचा पट्टा सोडून सरांच्या टेबलावर ठेवला, जनरेटरच्या खोलीचे दार लावून घेतले आणि दोरी धरून बोटीत चढले.

दोघींकडून,
आई