सील तोडायचं नाही

३ फेब्रुवारी, ओगलाला, नेब्रास्का

लागली एकदाची नोकरी! किती कंपन्यांनी फोन आपटले ते मोजणं मी केव्हाच सोडलं होतं. चोरीच्या मालाबद्दल तुरुंग, त्यात दोनदा ट्रक उलटवलेला, एवढं ऐकलं की पलीकडचा आवाज गार पडायचा. इथली मालकीण व्हर्लीनबाई माझे कागद वाचून चक्क हसली. म्हणाली, दोनदाच? आमच्या ओडेलने चारदा उलटवलाय, त्यातला एक तर उभा होता. ओडेल म्हणजे इथला सगळ्यात जुना ड्रायव्हर. कोपऱ्यात बसून पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत होता. म्हणाला, वारा होता गं बाई, किती वेळा सांगू. ऑफिसात हीटरवर एक शेपूटतुटकी मांजर झोपते, तिला उठवायची कोणाची छाती नाही.

नियम एकच. ट्रेलर भरून, दाराला सील ठोकून तयार असतो. आपण ट्रक जोडायचा, ट्रेलर नेऊन सोडायचा, तिथला दुसरा सीलबंद घेऊन यायचं. आत काय ते विचारायचं नाही. सील तुटलं तर ती चोरी, आणि माझी चोरी म्हणजे पॅरोल रद्द, उरलेली शिक्षा आत जाऊन भोगायची. मी म्हणालो, बाई, मी त्या दाराकडे बघणारसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, वायोमिंग

ट्रक झकास आहे. सीटच्या मागे पडदा, पडद्यामागे झोपायला गादी. वारा मात्र ट्रकला सारखा बाजूने ढुशा देतो. काल रस्त्यावरच्या हॉटेलात गूसबेरी भरलेला केक खाल्ला, आंबट, पण वाढणारीने न मागता दुसरा तुकडा दिला.

सकाळी दांडक्याने टायर ठोकून पाहिले. हवा ठीक असली की टणटणीत वाजतात. मागचा टायर ठोकला तर ट्रेलरच्या आतूनही ठोकल्याचा आवाज आला. माल सरकला असेल. मी दोनदा ठोकलं. आतून दोनदा आलं. माल काही मोजून सरकत नाही, तेवढं मला कळतं. पण कॉफी गार होत होती. निघालो.

६ फेब्रुवारी

व्हर्लीनबाईला फोन केला. आत कोणीतरी आहे, म्हणालो. ती म्हणाली, पॅरोलवर आहेस ना रे पोरा? ओडेलने फोन ओढून घेतला. म्हणाला, मीही सुरुवातीला ठोकायचो, राजा. आता टायर नुसते डोळ्यांनी बघतो. तूही तेच कर.

बाहेर थुंकी गोठेल एवढी थंडी आहे. आत माणूस असेल तर मरेल.

पोलिसांना फोन लावला. त्यांनी आधी माझं नाव विचारलं. ठेवून दिला.

७ फेब्रुवारी

भर दुपारी, पेट्रोलपंपाच्या मागे, उसनी पक्कड आणून सील कापलं.

रिकामा. फळ्यांवर धुळीचा सपाट थर. धुळीत फक्त माझ्या बुटांचे ठसे.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. दार लावलं. आज मागून आवाज नाही.

८ फेब्रुवारी

ट्रक तपासायच्या वजनकाट्यावर इन्स्पेक्टर केबिनमध्ये चढला. म्हणाला, तुझ्या जोडीदाराला उठव, त्याचंही लायसन्स दाखव. मी म्हणालो, साहेब, मी एकटाच आहे. त्याने पडदा जरासा बाजूला केला. मग सोडला, अगदी हळू. म्हणाला, राहू दे, झोपू दे त्याला. माझ्याकडे बघितलं नाही. सीलही बघितलं नाही. कागद हातात कोंबले, जा म्हणाला.

मी पडदा उघडला नाही. दिवसभर चालवतोय. मान गार पडली आहे.

९ फेब्रुवारी

सीटच्या पाठीला — मागून — बोटाने ठोकलं. हळूच.

खाली उतरून व्हर्लीनबाईला फोन. सील कापलं, सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, मग आता तुम्ही दोघं झालात, जोडीच्या गाड्या असतात ना आपल्या, एक चालवतो, एक झोपतो. तू दमलास की त्याला सीट दे. रस्त्यात ट्रक टाकून पळालास तर मला पॅरोलवाल्यांना कळवावंच लागेल, पोरा, माझाही नाइलाज आहे.

परत चढून बसलो. कुठे जाणार.

दुपार

डोळे मिटतायत. दोनदा पांढरी पट्टी ओलांडली. आणखी एक अपघात झाला तर — मग कोणीच ठेवणार नाही.

गाडी कडेला घेतली. सीट सोडून पडद्यामागे सरकलो. वर बघितलं नाही. माझ्या शेजारून काहीतरी पुढे गेलं.

गादी ऊबदार होती.

नंतर

गाडी चालू झाली. चांगलं चालवतो. गिअरचा आवाजसुद्धा नाही —

आपलं वळण गेलं. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही —

चाकांखाली डांबर नाही आता. बर्फ. उतार. वेग वाढतोय —

गादीवरून बाजूचं दार हाताशी आहे. उडी मारता येईल. पण ट्रक सोडला तर व्हर्लीनबाई पॅरोलवाल्यांना फोन करणार, आणि मग परत आत — जरा थांबतो, वेग थोडा कमी झाला की मी —