एका एरकोडवरची चार मतं

प्रिय वसुधाताई,

तू देवाघरी गेल्यावर तुला लिहायचं मी टाळत होतो. काय सांगणार, सगळं ग्रँड चाललंय? आज लिहितोय, कारण परवा रविवारच्या सभेत आपली कमिटी फुटतेय. ॲथलोन गावातल्या मराठी, मल्याळी, हैदराबादी सगळ्यांची मिळून तू उभी केलेली एकुलती एक कमिटी! आणि ती मी फोडली, ताई. हे अजून कुणाला माहीत नाही.

आठवतं, पहिल्या निवडणुकीनंतर केवढं महाभारत झालं होतं? आम्ही कंपनीतले मराठी एकीकडे, तुझ्या हॉस्पिटलमधल्या मल्याळी नर्स दुसरीकडे, करीमभाई आणि त्यांचे हैदराबादी टॅक्सीवाले निघून जायच्या तयारीत दाराशी. देवळाच्या लोकांनी चर्चच्या लोकांना फसवलं, इथपर्यंत मजल गेली. तू ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच घरोघर हिंडलीस. भांडणाचा विषयच काढला नाहीस. जेवलीस, आणि निघताना प्रत्येकाला एकच विचारलंस, "तुझा माणूस नाही आला, तर दुसऱ्या नंबरला कोण चालेल?" इथल्या मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतात, तिथून उचललं होतंस. सगळ्यांच्या दुसऱ्या नंबरला करीमभाई निघाले, आणि तेच अध्यक्ष झाले! मिरजेच्या बाईने आयर्लंडमध्ये सरकार बसवलं, म्हणून मी तुला चिडवायचो.

या खेपेला तू नव्हतीस. मतदानाचा ऑनलाइन फॉर्म मी केला. एका कुटुंबाचं एक मत, हा नियम. त्यावर मी हुशारी केली. इथे प्रत्येक घराला स्वतःचा एरकोड, म्हणजे पिनकोड, असतो, म्हणून एका एरकोडवरून एकच मत घ्यायचं, बाकीची आपोआप बाद. टेस्टिंगसुद्धा केलं गं! आपल्या मराठी जोडप्यांच्या पत्त्यांवर. एका घरात चौघी नर्स राहतात, चौघींचे संसार केरळात आहेत, हे डोक्यातच आलं नाही.

आमच्या कंपनीतला प्रशांत सात मतांनी अध्यक्ष झाला. हरली ती तुझी मल्याळी मैत्रीण लिसी. तिचा फोन आला. "चार लोग, चार फॅमिली, चार वोट. इतना मुश्किल है क्या, निरंजन?" मी म्हटलं, सिस्टिमचा प्रॉब्लेम असेल, बघतो. बघितलं, बाद मतं सातांहून जास्त निघाली, आणि गप्प बसलो.

का? प्रशांत मित्र म्हणून? की आपला माणूस आला याचा मला आतून आनंद झाला होता? तू कान पिळला असतास. पण तूही कशी अशी गेलीस! माणसं जोडायचं सगळं तुझ्याजवळच ठेवलंस, आम्हाला कुणाला शिकवलं नाहीस. याचा मला फार राग आहे, ताई.

गेल्या आठवड्यात करीमभाईंना परके म्हणून भरदिवसा टॅक्सीतून ओढून मारहाण केली. सोमवारी गार्डांनी, इथल्या पोलिसांनी, आपल्या लोकांना बैठकीला बोलावलंय. लिसीचे लोक वेगळी कमिटी करून वेगळं निवेदन देणार आहेत. प्रशांत इथल्या लोकांच्या ढंगात म्हणतो, "देऊ दे ना. युवर मॅन करीम पण त्यांच्याकडेच जाणार." दोन कमिट्या, दोन कागद. कोण ऐकणार आहे आपलं? करीमभाई सुजलेल्या तोंडाने म्हणाले, "वसुधाबहन होतीं तो..." मी बाहेर येऊन गाडीत बसून रडलो.

काल बाद मतांची यादी पुन्हा उघडली. तिसरा एरकोड तुझ्या घराचा होता. ज्या किचनमध्ये तुझं पिठलं आणि लिसीची मासळी खाऊन मी इथला पहिला हिवाळा काढला, त्या घराचा. आधी आलेलं एक मत धरलंय, तीन बाद. त्यात लिसीचं स्वतःचं. तू असतीस, तर तुझंही गेलं असतं.

रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभा राहीन. चूक माझी आहे, निकाल रद्द करा, असं सांगेन. प्रशांत कदाचित पुन्हा बोलणार नाही. मग तुझा प्रश्न घेऊन घरोघर जाईन, पहिल्यांदा तुझ्याच दारात. लिसीने दार उघडलं नाही, तर पायरीवर बसेन. सोमवारच्या आत जमेल का, मला खरंच माहीत नाही. पण त्या घराची चारही मतं मी मोजीन.

तुझ्या किचनमध्ये वाढलेला,
निरंजन