स्क्रीनच नाही म्हणणारा लॅपटॉप

शेळगाव, ता. इंदापूर
सोमवार, ८ मार्च १९९९

चि. संघपाल यास श्रीपतीकाकाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत? तुझ्या काकूने तिच्यासाठी हुलग्याचं पीठ करून ठेवलं आहे, पण ते न्यायला तुला पुण्याहून इकडे यावं लागेल. (यावं लागेल हे शब्द लक्षात ठेव, पुढे कामाला येतील.) पुण्यात जेवणाची आबाळ होत नाही ना? आंघोळ रोज करतोस ना? असो. माणसांची ख्यालीखुशाली झाली, आता तुझ्या लॅपटॉपची.

तुझ्या ऑफिसने टाकून दिलेलं, बॅटरी मेलेलं आणि बिजागरीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेलं हे यंत्र तू मोठ्या मनाने आमच्या करुणाला दिलंस. त्याला विंडोज पेलत नाही म्हणून मासिकासोबत मिळालेलं लिनक्स त्यात भरलंस, याबद्दल आम्ही तुझे आभार मानले होते. ते आभार मी तूर्त परत घेत आहे. गेल्या सोमवारी करुणाने लिनक्सच्या चित्रांच्या खिडक्या उघडायची आज्ञा दिली, तर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटली की स्क्रीनची अमुक फाइल सापडत नाही. (फाइल कुठे गेली, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू.) पुढच्या मंगळवारी, सोळा तारखेला, बारामतीच्या कॉलेजात तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची परीक्षा आहे. दूध संकलनाचा तो प्रोग्रॅम खिडक्यांशिवाय उघडत नाही आणि कॉलेजात एकाही मशीनवर लिनक्स नाही. म्हणजे हा डबा बोलला नाही तर पोरीचं वर्ष गेलं.

मग तू मला एसटीडी बूथवर पाऊण तास उभं करून नवी फाइल कशी करायची ते सांगितलंस. स्क्रीनचे आडवे आकडे, उभे आकडे, कार्डाचं नाव, सगळं मी पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून घेतलं. घरी येऊन जसंच्या तसं भरलं. त्यावर यंत्राने काय उत्तर द्यावं? नो स्क्रीन्स फाउंड! म्हणजे स्क्रीन सापडत नाही, हे तो मला स्क्रीनवरच लिहून सांगतो! इंदापूरला एकतीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, साहेब घरात नाहीत असं स्वतः साहेबांनीच दारात येऊन सांगितलेलंही पाहिलं आहे, पण हा निर्लज्जपणा त्याच्याही वरचा. मी आकडे बदलले. तेव्हा स्क्रीन सापडला, पण एका चित्राची चार चित्रं झाली आणि चारही थरथरायला लागली. तुझी काकू म्हणाली, "त्यो डबा मिटा आन् म्हशीला वैरण टाका. ती निदान एकच तोंड दाखवती."

नाइलाजाने अंथुर्ण्याचा म्हस्कू गाठला. टीव्ही दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. आडव्या आकड्याला इंग्रजीत हॉरिझॉन्टल म्हणतात, एवढं मी सांगताच तो खूश झाला. "आबा, हारिजंटल व्हय? मग होल्ड फिरवायचा की! त्यात काय हाय?" असं म्हणून त्याने लॅपटॉपला मागून, खालून, कुशीवर घालून अर्धा तास टीव्हीसारखं चित्र थांबवणारं होल्डचं बटण शोधलं. शेवटी कडेला एक चाक सापडलं, ते फिरवलं आणि होता तो उजेडही गेला; चाक उलटं फिरवल्यावर कसाबसा परत आला. तिथून बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासात गेलो. त्यांनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या, मग लॅपटॉप पाहून सांगितलं की यात स्टार्टचं बटणच नाही, त्याअर्थी व्हायरस आहे, सगळं पुसून टाकू. पुसून टाकू म्हटल्यावर करुणाने यंत्र असं पोटाशी धरलं की मला बघवेना. अनवाणीच बाहेर पडलो आणि चपलांसाठी परत गेलो.

तात्पर्य, हे यंत्र जुनं आहे, लिनक्स हेकट आहे आणि चूक सर्वस्वी तुझी आहे. वहिनींना जयभीम.

तुझा काका,
श्रीपती

ता. क. १ : रविवारी, चौदा तारखेला, पहिल्या एसटीने ये. मासिकासोबतची ती लिनक्सची सीडी घेऊन ये. नाही म्हणू नकोस.

ता. क. २ : हे फोनवर सांगता येत नाही, करुणा शेजारी उभी असते. फाइल गेलेली नव्हती, मी घालवली. ती सहज म्हणाली होती, "आबा, डिस्क भरली, जागाच न्हाय." जागा नाही म्हटल्यावर रेकॉर्ड रूमचा माणूस काय करणार? वर्गवारी! 'अ' म्हणजे कायम जतन, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं आणि 'ड' म्हणजे वर्षाच्या आत नाश. तू इथे ठेवलेल्या वहीतून मुख्य पासवर्ड घेतला आणि बसलो. ज्या फाइलीला वर्षभरात कोणाचा हात लागला नाही, ती 'ड'. स्क्रीनची ती फाइल तू गेल्या वर्षी जानेवारीत केलेली. म्हटलं, निकाली प्रकरण. अशा एकूण त्रेसष्ट फाइली नष्ट केल्या. मात्र प्रत्येकीची नोंद, तारीख आणि खाली माझी सही आहे. पूर्ण वर्गवारीची यादी सोबत जोडली आहे. निर्णय चुकला असेल, कार्यपद्धती चुकलेली नाही. करुणाला यातलं काही बोलू नकोस. आठ दिवस झाले, मला तिच्या नजरेला नजर देता येत नाही.

ता. क. ३ : दादा, मी करुणा. आबांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायचं विसरले. त्यांच्या यादीची कार्बन कॉपी माझ्याच जर्नलच्या मागच्या पानांवर आहे, ती मी गेल्या बुधवारीच वाचली. यादी नीट असल्यामुळे काय काय परत घालायचं ते तंतोतंत कळतंय, फक्त सीडी पाहिजे. तू आलास की आबांसमोर म्हण, लॅपटॉपच जुना झालाय. आणि यादीचं पहिलं पान बघ. 'अ' वर्ग, कायम जतन, याखाली अख्ख्या मशीनमधली एकच नोंद आहे : चि. करुणाचा प्रोजेक्ट.