ओव्हाळसरांचे सहा खंड

मी, माधव आप्पासाहेब जोगळेकर, वय ७९, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. धक्क्यात मात्र आहे. त्याचे कारण कलम ३ मध्ये.

१. राहता फ्लॅट मुलगा सौमित्र याला. गच्चीची किल्ली सोसायटीच्या चेअरमनने मागितली तरी देऊ नये.

२. बँकेतील ठेवी मुलगी आनंदी हिला. भिंतीवरचे नकाशे निदान तेराव्यापर्यंत रद्दीत घालू नयेत.

३. आनंदीची मुलगी अवनी ब्राझीलमध्ये शिकते. गेल्या मंगळवारी तिने व्हिडिओ कॉलवर भूगोलाचे पुस्तक दाखवले. त्यात दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड, एकूण सहा! मी म्हणालो, "छपाईची चूक." ती म्हणाली, "आजोबा, आख्खा देश चुकलाय का?" मग शोधले. काही देशांत युरोप-आशिया एकच धरतात. खंड कशाला म्हणावे, याची सर्वांना मान्य अशी व्याख्याच नाही. चौतीस वर्षे मी 'सात' सोडून प्रत्येक उत्तरावर लाल फुली मारली. अजून विश्वास बसत नाही.

४. १९९६ साली आमच्या शाळेतील भूगोल शिक्षक पोपट ओव्हाळ यांनी नववीला सांगितले, की युरोप-आशिया एक धरले तर खंड सहाच. मी त्यांना बोलावून घेतले.

"सर, युरोप-आशियाच्या मध्ये, उरल पर्वतापाशी समुद्र दाखवा, मी सात शिकवतो."

"समुद्र कशाला? पुस्तक दाखवतो."

मी मेमो दिला, भूगोल काढून घेतला, कवायत दिली. एकोणीस वर्षे त्यांनी मैदानावर शिट्टी वाजवली आणि कवायतीचे शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले.

५. माझा पृथ्वीगोल ओव्हाळसरांना.

(कलम ५ खोडले आहे. सर आज साक्षीदार म्हणून आले. वकील म्हणाले, ज्याला वस्तू मिळणार त्याने साक्षीदार न झालेले बरे. सर म्हणाले, "मग तुम्ही जाईपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच द्या." दिला. त्यांनी तो सावकाश फिरवला. "सापडला का हो समुद्र?" "नाही सापडला, ओव्हाळसर. चूक माझी होती." मेमोच्या प्रतीवर मी 'रद्द' लिहून सही केली. सरांनी ती घडी करून खिशात ठेवली.)

पुणे, १४ जुलै २०२५
सही: मा. आ. जोगळेकर

साक्षीदार:

१. श्यामला देव, शेजारी

२. पोपट रामदास ओव्हाळ (हुद्दा लिहिताना सरांचे पेन थांबले, म्हणून तो मी लिहिला आहे), निवृत्त भूगोल शिक्षक