ढिले टॅपेट

अप्पा, तुमची गाडी चालू झाली. हे तुम्हाला सांगायला दुसरी काही सोय नाही म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. आता माझ्या चष्म्याचा नंबर तुमच्यापेक्षा जास्त आहे. निलंग्याचं घर बंद करून अव्वाला लातूरला माझ्याकडे आणलं, तेव्हा तिच्या पेटीबरोबर टेम्पोत तुमची मोटारसायकलही चढवली. इतकी वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती ती. टेम्पोवाला म्हणाला, बाई, भंगारवाला तर निलंग्यातच हाय की. लातूर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. बापाचा राग पोरीत उतरलाय, असं अव्वा म्हणायची. ती असं म्हणायची तेव्हा तिला सगळं आठवत होतं.

आता ती सकाळी मला ओळखते, दुपारी कधी आपली बहीण समजते, आणि दिवेलागणीला दाराशी येऊन बसते. आले का गं ते, असं विचारते. सुरुवातीला मी खरं सांगायचे. अव्वा, अप्पा कधीचेच गेले. अप्पा, ती दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकायची. हंबरडा फोडायची, मला कुणी कसं कळवलं न्हाई म्हणायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दाराशी. एकाच बाईला रोज विधवा करायचं मला झेपेना. मग मी येतीलच आता, असं सांगायला लागले. त्यानं रडणं थांबलं, वाट बघणं थांबलं नाही. ताट वाढलेलं तसंच राहायचं, कारण तुमच्याआधी ती कधी जेवली आहे? हाडं दिसायला लागली तिची. मला वाटलं, तुमची गाडी आल्याचा आवाज तिला एकदा ऐकवता आला, तर तिचा जीव भांड्यात पडेल. चार घास खाईल.

आपल्या घरात तुमच्याआधी तुमचा आवाज यायचा ना. जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी, गावोगाव बैलांना लशी टोचत फिरायचं, परतायची वेळ ठरलेली नाही. गाडी चिंचेच्या वळणावर आली की तिची टकटक ऐकू यायची, आणि अव्वा हातातलं काम टाकून तवा चुलीवर ठेवायची. तुम्ही अंगणात हातपाय धुऊन, फिनाइलचा आणि गोठ्याचा वास घालवून, कपाळाला विभूती लावून पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. ती तुमची. आम्हाला सकाळच्या. जेवताना तुम्ही बोलत नव्हता. आणखी भाकरी हवी असली की ताटाच्या काठावर बोटानं दोनदा वाजवायचात. मला त्यात मोठा रुबाब वाटायचा. एकदा मीही तसं वाजवून बघितलं, तर अव्वानं उलथनं उगारलं. ‘तू कुठली गावं फिरून आलीस गं?’ म्हणाली. तुम्ही हसलात, पण तुमच्या ताटातला तुकडा काही मला दिला नाहीत.

तर मी इंजिन उघडलं. वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकणारी बाई रविवारी पोर्चमध्ये पोतं अंथरून बसते आणि मोबाइलवर कुणा पंजाबी पोराचे व्हिडिओ बघत नट सोडवते, हे गल्लीला फार दिवस पुरलं. शेजारीण म्हणाली, मिक्सरला मिस्त्री बोलावता अन् हे स्वतः करायलाव व्हय? तुमचे जावई फक्त एवढंच म्हणाले की कर काय करायचं ते, पण माझ्या चहाच्या कपात नट ठेवू नको. पिस्टन गंजून ब्लॉकमध्ये अडकून बसला होता. डिझेल ओतायचं, वाट बघायची, धोपाटण्यानं हलके ठोके द्यायचे, पुन्हा ओतायचं. तो सुटला त्या दिवशी मी एकटीच पोर्चमध्ये नाचले. अव्वा बाजूच्या खुर्चीत बसून विचारत होती, हे काय करायलीस, कुणाची गाडी हाय ही? तुझ्या नवऱ्याची, असं म्हणणार होते, पण पिस्टन पुसायला घेतला.

ब्लॉक आतून झिजला होता. तसलं जुनं काम करणारा लेथवाला नांदेडात आहे असं कळलं, म्हणून तो जुन्या साडीत गुंडाळून एसटीनं घेऊन गेले. कंडक्टरनं पिशवी उचलून बघितली. मावशी, जातं हाय का काय, म्हणाला. ब्लॉक बोअर करून आणला, त्याच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा आणल्या. व्हॉल्व्ह घासायला ताक घुसळावं तशी दोन्ही तळव्यांत काडी फिरवत बसायचे; हातांना फोड आले. शेवटी टॅपेट. ते फार घट्ट नको, फार ढिले नको, झडपांना नीट उघडू-मिटू देतील एवढेच. मी ते अगदी काटेकोर बसवले. परीक्षेचा पेपर तीनदा तपासायचे तसेच तपासले. मग टाकीवर तुमच्यासारखी विभूतीची तीन बोटं ओढली आणि अव्वा दाराशी येऊन बसायची वाट बघितली.

किक बसली, अप्पा. ॲम्पिअरचा काटा हलला, नळीतून निळा धूर आला आणि इंजिन चालू झालं. काय गोड चालत होतं, शिवणयंत्रासारखं. मी अव्वाकडे बघितलं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, ‘पाव्हणं आल्यात बघ कुणी. पाणी दे त्यांना.’ मग रस्त्याकडे बघत तिनं मला विचारलं, आले का गं ते? गाडी तिच्या पुढ्यात चालू होती. मी चावी बंद केली आणि तिथंच फरशीवर बसून रडले. महिनोन् महिने राबून मी घरात एक परकी गाडी आणली होती.

रडता रडताच मला ती संध्याकाळ आठवली. मी शाळेत होते. तुम्ही देगलूरच्या कुणा हुशार मिस्त्रीकडून गाडी दुरुस्त करून आणली होती. तुम्ही अंगणात उतरता आणि तवा थंड. अव्वा घाबरून उठून चुलीपाशी जाते आणि चिडते. ‘आवाजच न्हाई आला. मला कसं कळावं तुमी हाव का परकं कुणी?’ तुम्ही सकाळची गार भाकरी खाल्लीत. दुसऱ्या दिवशी मी पायरीवर दात घासत होते आणि तुम्ही गाडीपाशी उकिडवे बसून बाजूचं लहान झाकण काढून पाना फिरवत होता. काय बिघडलंय, मी विचारलं. काही न्हाई, घरात ऐकू येईना, म्हणालात. तेव्हा मला कळलं नाही. टॅपेट ढिले असले की इंजिन टकटक करतं; तुम्ही ते मुद्दाम ढिले ठेवले होते, तिच्यासाठी. आणि मी ते मन लावून दुरुस्त करून टाकले होते.

काल झाकण काढलं आणि पाना उलटा फिरवला. इंजिनाला ते बरं नाही, हे मला कळतं. गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, तिथं किक मारली आणि पहिल्या गियरात टकटक करत घरी आणली. दाराशी अव्वा नव्हती. आत धावले तर गॅसवर तवा होता आणि ती परातीत पीठ मळत होती. तिला ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत आता, अप्पा, पण भाकरी गोल होती. मागं न बघता तिनं विचारलं, ‘हातपाय धुतले का त्यांनी?’

‘हाव, धुतले,’ मी म्हणाले.

आणि खरंच ऑइलचे हात धुऊन आले, तुमच्यासारखी मांडी घालून बसले. तिनं डोक्यावर पदर घेतला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, तुमच्याकडेही ती सगळ्यांसमोर कधी बघायची नाही. ताट पुढं सरकवलं. नंतर ती स्वतः जेवली, पोटभर, आणि लवकर झोपली. आज दिवेलागणीला पुन्हा विचारील. पेट्रोल आहे, मी पुन्हा कोपऱ्यावर जाईन. हे बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. हा कागद निलंग्याला, तुम्हाला आपल्या रीतीप्रमाणे मातीत बसवून समाधी दिलीय तिथं नेऊन वाचावा असं मनात आलं होतं. नाही नेणार. तिथं गेले तर तुम्ही गेलात हे मलाही पुन्हा ऐकावं लागेल.

एकच सांगायचं राहिलं. पहिली भाकरी मी तिच्यासाठी खाल्ली, तोंडातून आवाज न काढता. पण ती एवढी गरम असते, हे मला माहीतच नव्हतं. ताट रिकामं झालं तेव्हा तुम्हाला आणखी नको असेल असं समजून अव्वा गॅस बारीक करत होती. मी ताटाच्या काठावर बोटानं दोनदा वाजवलं. ते तिच्यासाठी नव्हतं.